५० एचपी ट्रॅक्टरला जुना कल्टिव्हेटर: बुश टाकू की पिना बदलू?

शिवार_९: नवा ट्रॅक्टर कॅटेगरी २ चा आहे (कॅटेगरी म्हणजे अवजार जोडायच्या मागच्या तीन लिंकांचं, खालच्या दोन आणि वरची टॉप लिंक, माप). नऊ फणांचा कल्टिव्हेटर ३५ एचपीच्या ट्रॅक्टरसाठी घेतलेला. खालच्या पिना २२ मिमीच्या, ट्रॅक्टरच्या खालच्या लिंकच्या टोकाला असलेल्या बॉलचं भोक २८ चं. टॉप लिंकचीही पिन ढिली. बुश (पिनेवर चढवायची नळी) टाकून भागेल का?

फाळ_आणि_फण: वरती भागेल, खाली आधी मोजा. कॅटेगरी १ ला टॉप पिन १९ मिमी, कॅटेगरी २ ला २५. तिथे बुश चालतो. टॉप लिंकला पिनेऐवजी नटबोल्ट मात्र घालू नका, आटे बॉलमध्ये घासतात आणि बोल्ट आट्यांतच तुटतो.

खाली खरी अडचण लांबीची आहे. कॅटेगरी १ चा बॉल ३५ मिमी रुंद, कॅटेगरी २ चा ४५. त्यामुळे बुश नीट बसला तरी लिंच पिनचं (लिंक निसटू नये म्हणून पिनेच्या टोकाला घालायची खिट्टी) भोक बॉलच्या आतच राहू शकतं. मग लोक तारेनं बांधतात, आणि बांधावर वळताना लिंक निसटते. पिनेच्या खांद्यापासून (बॉल जिथे टेकतो ती कड) लिंच पिनच्या भोकापर्यंत किती भरतं? आणि दोन्ही पिनांच्या खांद्यांमधलं अंतर?

शिवार_९: भोक ४० मिमीवर. खांद्यांमध्ये ६८३.

फाळ_आणि_फण: म्हणजे अस्सल कॅटेगरी १. बुश सोडा, पिनाच २८ च्या घ्या, भोक खांद्यापासून ४९ मिमीच्या पुढे असलेल्या. फ्रेमच्या पाटीचं भोक नव्या पिनेच्या आट्याच्या मापाचं करा, मागून नट आवळा. पाटीला वेल्डिंगनं चिकटवू नका. तापलेली पिन नेमकी खांद्यापाशी तुटते.

काळी_माती: पण कॅटेगरी २ ला अंतर ८२५ लागतं ना? फ्रेमही रुंद करावी लागेल.

फाळ_आणि_फण: गरज नाही भाऊ. २८ ची पिन आणि ६८३ अंतर हे मापही प्रमाणितच आहे, त्याला कॅटेगरी २ एन म्हणतात. फक्त दोन्ही लिंक आत ओढल्या जातील, म्हणून चेक चेन (लिंका बाजूला हलू न देणाऱ्या साखळ्या) दोन्हीकडे सारख्या जुळवा. अवजार मधोमध आलं पाहिजे. एका बाजूला ओढलं तर कल्टिव्हेटर तिरका चालतो आणि एक फण मागच्या चाकाच्या चाकोरीबाहेर पडतो.

काळी_माती: पहिल्यांदा लिफ्ट सावकाश पूर्ण वर घ्या, मागे उभं राहू नका. कॅटेगरी १ च्या अवजाराचा मास्ट (टॉप लिंक जोडायचा उभा भाग) बुटका असतो, त्यामुळे टॉप लिंकचा कोन बदलतो. वर गेल्यावर फ्रेम किंवा मास्ट ट्रॅक्टरला टेकतो का ते बघा. टेकत असेल तर टॉप लिंक लांब करा.