तारण एकदा मिळालं की मिळालं, की हप्ते थकले तर लिलाव?

नवीपेठकरीण

मी सोलापुरातल्या एका पतसंस्थेत सोनेतारण विभागात आहे. दिवसभर ‘तारण’ हा शब्द तोंडात असतो. मुदत संपली, नोटीस गेली, तरी माणूस आला नाही की दागिना लिलावात निघतो. रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तोच शब्द पापातून सुटका या अर्थाने ऐकते तेव्हा आपण वेगळ्या हिशेबात आहोत असं वाटायचं.

दोन महिन्यांपूर्वी बाहेरगावचे एक पाहुणे संदेशाला आले. विश्वासणाऱ्याने पाप करत राहिलं तर त्याचं तारण जातं, असं तासभर सांगून गेले. तेव्हापासून आई झोपत नाही. तिने तीस वर्षं विड्या वळल्या. कारखान्यात माल दिला की खराब विड्यांची छाट काढायचे. आता रात्री अंथरुणावर बसून दिवसभराच्या चुका मोजते आणि विचारते, “काही राहिलं तर छाटीत जाईन का गं?” वय बहात्तर. बाप्तिस्मा लग्नाआधीचा.

तारण जातं की नाही, एवढंच सांगा. वचनासकट.

पार्कचौक

ताई, नाही जात. योहान 10:28-29. येशू म्हणतो, माझ्या मेंढरांना माझ्या हातातून कोणी हिसकावणार नाही, आणि लगेच पुढे पित्याचाही हात आहे. रोम 8 च्या शेवटी पौल मरण, जीवन, देवदूत, वर्तमान, भविष्य अशी यादी देतो; यातलं काहीही आपल्याला देवाच्या प्रीतीपासून वेगळं करू शकत नाही.

तुमच्याच धंद्यातला शब्द इफिस 1:14 मध्ये आहे. पवित्र आत्मा आपल्या वतनाचा ‘विसार’ आहे. घराचा विसार देऊन घेणाऱ्याने व्यवहार मोडला तर पैसे बुडतात कोणाचे? विसार देणाऱ्याचे. इथे विसार देव देतोय. तो स्वतःचं नुकसान करून घेईल?

होटगीरोड_मेथडिस्ट

‘हिसकावणार नाही’ म्हणजे बाहेरच्याने. मेंढरू स्वतःच उठून कुंपणाबाहेर गेलं तर? योहान 15 मध्ये येशू वेल आहे, फाटे त्याला लागलेलेच आहेत, आणि न राहणारा फाटा बाहेर टाकला जातो. रोम 11:22 मध्ये पौल सरळ म्हणतो, देवाच्या दयेत टिकून राहिलात तर ठीक, नाहीतर तुम्हीही छाटले जाल. काकूंचा शब्द तिथेच आहे बघा, छाटणं. इब्री 6:4-6 तर वाचायलाही भीती वाटते. प्रकाश मिळालेले, पवित्र आत्म्याचे भागीदार झालेले, आणि पडले. आमच्या मेथडिस्टांचा संस्थापक वेस्ली, त्याने 1751 मध्ये याच विषयावर पुस्तिका लिहिली होती. तोही कृपेवरच बोलायचा, पण कृपा म्हणजे कोंडून ठेवणं नव्हे.

पार्कचौक

इब्री 6 घ्यायचं तर अख्खं घ्या की! तिथे म्हटलंय, असा माणूस पश्चात्तापाकडे परत आणता येत नाही. तुमचे वेस्ली मात्र सांगायचे, घसरून परत आलेले कितीतरी आहेत. दोन्ही कसं? तो अध्याय तुमच्याही मापाचा नाही, माझ्याही नाही. आणि सोडून गेलेल्यांबद्दल 1 योहान 2:19 आहे: ते आपल्यातून निघाले, पण आपले नव्हते. हॉलंडमधल्या सुधारित मंडळ्यांच्या डॉर्टच्या सभेने (1618-19) असंच धरलं. खरा विश्वासणारा पडेल, मार खाईल, पण शेवटापर्यंत देव त्याला राखेल.

होटगीरोड_मेथडिस्ट

वा. म्हणजे टिकला तर ‘खरा होता’, गेला तर ‘कधी नव्हताच’. परीक्षेचा निकाल लागल्यावर उत्तर लिहायचं. आमच्या गल्लीत एक भाऊ पंधरा वर्षं संडे स्कूल घ्यायचा, मला पहिलं वचन त्यानेच पाठ करून घेतलं. आता चर्चचं नाव काढत नाही. तो कधीच विश्वासणारा नव्हता असं म्हणायला जीभ वळत नाही. आणि तुमच्या मताने काकूंना आज कसं कळणार की त्या ‘खऱ्या’ आहेत? मी म्हणतो तारण जाईल, तुम्ही म्हणता मुळात नसेलच. झोप दोन्हीकडे उडते.

सातरस्ता

मी कॅथलिक. आमच्याकडे हा वाद एवढा चालत नाही. गंभीर पाप जाणूनबुजून केलं तर कृपा जाते, आणि पापस्वीकाराने परत मिळते. आमच्या बिशपांच्या त्रेंत परिषदेने 1547 मध्ये हे ठरवून टाकलं. काकूंना सांगा, फादरकडे जाऊन या.

पार्कचौक

काकू कॅथलिक नाहीत, भाऊ.

जुळेसोलापूर_वाचक

मी ख्रिस्ती नाही, शेजारधर्माने बोलतो. वैष्णवांतही हे भांडण आहे. माकडिणीचं पिल्लू आईला घट्ट धरतं. हात सुटला की पडतं. मांजर पिल्लाला स्वतः तोंडात धरते. पिल्लाने काही करायचं नसतं. तुमचं तारण माकडाचं की मांजराचं?

होटगीरोड_मेथडिस्ट

दोन्ही आहे. मांजर धरते, पण मोठं झालेलं पिल्लू तोंडातून उडी मारतं. घरी पाहिलंय.

नवीपेठकरीण

आमची मंडळी सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आहे. आमचं अधिकृत मत काय?

जुना_वडील

ताई, वडीलमंडळात पंचवीस वर्षं होतो, म्हणून थोडं लांबवतो. सीएनआय 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात झाली. त्यात अँग्लिकन आले, बाप्टिस्ट आले, ब्रिटिश मेथडिस्ट आले, आणि प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल मंडळ्याही आल्या. म्हणजे डॉर्टची नातवंडं आणि वेस्लीची नातवंडं एकाच बाकावर. या प्रश्नावर भांडत बसले असते तर एकत्र आलेच नसते. आपल्या भागात काम केलेलं अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल, त्यामुळे जुनी माणसं ‘देव राखतो’ याच बाजूची. लूथरवाले पण त्या बाजूचे असतील असं लोकांना वाटतं. तसं नाही. 1530 च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबात, म्हणजे त्यांच्या विश्वासाच्या जाहीरनाम्यात, नीतिमान ठरलेला पवित्र आत्मा गमावू शकत नाही असं म्हणणाऱ्यांचा निषेध आहे.

माझं मत विचाराल तर त्या पाहुण्यांनी औषध चुकीच्या रोग्याला दिलं. ‘इब्री लोकांस’ हे पत्र विश्वास सोडून जायला निघालेल्यांना लिहिलंय. रात्री बसून चुका मोजणारी बाई कुठे निघालीय? सोडून जाणाऱ्याला झोप लागते. तिला 1 योहान 1:9 वाचून दाखवा: पाप कबूल केलं तर देव क्षमा करतो. आणि ‘भीत व कापत आपले तारण साधून घ्या’ हे फिलिप्पै 2:12 कोणी पुढे केलं तर 13 वाचायला लावा. तिथे काम करणारा देव आहे.

होटगीरोड_मेथडिस्ट

वडीलसाहेब, रोग्याबद्दल मान्य. पण म्हणून इशाऱ्याची वचनं खोटी होत नाहीत. ती कोणासाठी तरी आहेतच.

जुना_वडील

आहेत. माझ्यासारख्यासाठी. पंचवीस वर्षं पदावर बसलं की माणूस निर्धास्त होतो.

नवीपेठकरीण

आईला काल सगळं वाचून दाखवलं. मांजराला हसली. विसाराचं दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, ताईच्या लग्नात माझ्या पाटल्या गहाण टाकल्या होत्या, तुझ्या बाबांनी चार वर्षं डबल पाळी करून सोडवल्या. मला एक हप्ता भरू दिला नाही. आणि झोपली.

पार्कचौक

बास. याहून चांगला संदेश मी ऐकला नाही.

होटगीरोड_मेथडिस्ट

छानच. पण ताई, खरं सांगा, त्याच पाटल्या काकूंनी पुन्हा गहाण टाकल्या असत्या तर?

नवीपेठकरीण

टाकल्यात की. धाकट्याच्या इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनला. अजून सुटल्या नाहीत, माझ्याच शाखेत आहेत.