नवऱ्याचं ग्रीन कार्ड, लग्न नागपुरात: बायकोसाठी आय-१३० की आय-८२४?

बजाजनगर_वाली
नमस्कार. लहान बहिणीचं लग्न १२ फेब्रुवारीला नागपुरात झालं. जावई अमेरिकेत नोकरीला, ईबी-२ (नोकरीवरून मिळणारं ग्रीन कार्ड) मधून तिथूनच अर्ज केला होता. कार्डवर 'रेसिडेंट सिन्स' ३ मार्च आहे. लग्नाची नोंदणी राहिली. सीताबर्डीचा एक एजंट सांगून राहिला की आय-१३० (नवऱ्याने बायकोसाठी करायचा अर्ज) भरा, सगळ्या कागदांवर अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का) करून घ्या, आणि तोवर बहिणीला टूरिस्ट व्हिसावर पाठवा. करायचं का?

फाइलवाला
ताई, पैसे देऊ नका अजून. लग्न कार्डच्या आधी झालंय, सगळा खेळ त्यावरच आहे. कार्ड मिळण्याआधी लग्न झालं असेल तर बायको त्याच ईबी-२ अर्जाची आश्रित धरली जाते, 'फॉलोइंग टू जॉइन'. त्याला आय-१३० लागत नाही. जावयांनी अमेरिकेतूनच अर्ज केला होता, म्हणून ते आय-८२४ (मंजूर अर्जावर पुढची कारवाई करा अशी विनंती) भरतील; मग फाइल नॅशनल व्हिसा सेंटरला आणि तिथून मुंबई वकिलातीत.

नोंदणी मार्चनंतर झाली तरी चालतं. सप्तपदीने लग्न पूर्ण होतं, नोंदणी ही त्याची नोंद. फक्त प्रमाणपत्रावर लग्नाची तारीख १२ फेब्रुवारी आली पाहिजे, नोंदणीची नव्हे. पत्रिका, फोटो, पुरोहितांची सही जपून ठेवा.

एकच अडचण: अर्जात त्यांनी 'अविवाहित' लिहिलं असेल आणि मंजुरीआधी लग्न कळवलं नसेल, तर आय-८२४ च्या आधी वकिलाला दाखवा. नंतर मुलाखतीत निघालं तर उत्तर देता देता नाकी नऊ येतात.

प्रायॉरिटी_डेट
वरचं बरोबर, पण अर्धंच. फॉलोइंग टू जॉइनमध्ये व्हिसा मिळताना जावयांची जुनी प्रायॉरिटी डेट (रांगेतली तारीख) व्हिसा बुलेटिनमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या दर महिन्याच्या तारखांच्या पत्रकात, खुली असावी लागते. ईबी-२ भारताची तारीख मागे सरकली की बहीण तिथेच अडकते. म्हणून आय-१३० पण सोबत भरून ठेवावा, दोन्ही चालतात. तो एफ-२ए मध्ये, म्हणजे ग्रीन कार्डवाल्यांच्या जोडीदार-मुलांच्या रांगेत जातो. मार्च २०२३ पर्यंत ही रांग खुली होती, एप्रिलपासून तारीख लागली. पण एफ-२ए चे ७५ टक्के व्हिसा देशनिहाय मर्यादेच्या बाहेर आहेत, म्हणून ईबी-२ सारखी भारताची वेगळी लांब रांग नाही.

एप्रिल २०२४ च्या दरपत्रकात आय-१३० ला ऑनलाइन ६२५ डॉलर, कागदी ६७५. पुढे व्हिसा सेंटरला ३२५ आणि आय-८६४ तपासणीचे १२०. आय-८६४ म्हणजे उत्पन्नाची हमी: २०२५ च्या गरिबी रेषेच्या १२५ टक्के, दोन माणसांसाठी २६,४३७ डॉलर. उत्पन्न कमी पडलं तर बचत दाखवता येते, पण ग्रीन कार्डवाल्याला तुटीच्या पाचपट. नागरिकाच्या जोडीदारासाठी तिप्पट पुरते. नोकरीच्या फॉलोइंग टू जॉइनला ही हमी सहसा लागतच नाही.

अजून एक फरक. एफ-२ए वर गेली आणि त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर दोन वर्षांचं सशर्त कार्ड, मग अट काढायला आय-७५१. फॉलोइंग टू जॉइनमध्ये ती कटकट नाही.

धंतोली_डेस्क
नोंदणीचं सांगतो. दोघांपैकी कोणी राहतं त्या भागाच्या महानगरपालिका झोन कार्यालयात जायचं. बजाजनगर बहुधा धरमपेठ किंवा लक्ष्मीनगर, आधी विचारा. महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याप्रमाणे ज्ञापन, नमुना 'ड'. नवरा, बायको आणि तीन साक्षीदार निबंधकासमोर. ९० दिवस उलटले तरी होते, विलंब शुल्क लागतं. जावई सुट्टीवर येतील तेव्हाच उरकून घ्या, मागाहून फक्त त्या सहीसाठी तिकीट काढावं लागतं. लग्न मंडळाचं किंवा देवळाचं प्रमाणपत्र वकिलात घेत नाही.

अपोस्टिल या कामाला लागत नाही.

पासपोर्टवरचं नाव आत्ता बदलू नका. पासपोर्ट माहेरच्या नावाचा, प्रमाणपत्र सासरच्या नावाचं, दाखला तिसऱ्याच स्पेलिंगचा, यात महिने जातात. जन्मदाखला नसेल तर अनुपलब्धता प्रमाणपत्र आणि शाळेची टीसी. पोलीस क्लिअरन्स नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयातून मिळतं. वैद्यकीय तपासणी मात्र वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच, त्यामुळे मुंबईचा मुक्काम दोन-तीन दिवसांचा धरा.

बजाजनगर_वाली
आणि टूरिस्ट व्हिसा?

फाइलवाला
टूरिस्ट व्हिसाच्या फॉर्ममध्ये, डीएस-१६० मध्ये, सरळ प्रश्न आहे, तुमच्यासाठी कोणी इमिग्रंट अर्ज केलाय का. 'हो' लिहिलं तर बहुतेक २१४(बी) खाली, म्हणजे परत येणार नाही या संशयावरून, नकार. 'नाही' लिहिलं तर खोटी माहिती, आणि तो डाग पुढच्या इमिग्रंट व्हिसालाही चिकटतो. जावईच येऊन भेटले तर बरं. फक्त त्यांना सलग सहा महिन्यांच्या वर अमेरिकेबाहेर राहू देऊ नका.