पायथनमध्ये कॉमाने ओळ तोडली की पत्ताच फुटतो

फोंडेकर: पायथनमध्ये होमस्टेंची सीएसव्ही फाइल (कॉमाने वेगळे केलेले रकाने) वाचतोय, नाव, पत्ता, फोन असं आहे. ओळ तोडणाऱ्या स्प्लिट फंक्शनला कॉमा दिला की बाकी ठीक, पण "मिरामार, पणजी" असा पत्ता आला की तीनाचे चार तुकडे, कोटात (अवतरणचिन्हांत) असूनही. काय करू?

डिचोलीकर: कोटाचं स्प्लिटला काही पडलेलं नसतं रे, दिसला कॉमा की काप. पायथनसोबतच सीएसव्ही मॉड्यूल (तयार कोड) येतं, त्यातला ओळी वाचणारा रीडर घे, कोटातल्या कॉमाला तो हात लावत नाही.

म्हापशेकर: आणि कॉमानंतर स्पेस असेल तर रीडरचं स्किप-इनिशियल-स्पेस हे सेटिंग ट्रू कर, नाहीतर स्पेसनंतरचा कोट रीडर कोट म्हणून धरतच नाही आणि परत तेच तुकडे. एक्सेलमधून आलेल्या फाइलीत सहसा नसते, पण हाताने टाइप केलेल्यांचा भरवसा नाही.

फोंडेकर: चाललं बाबा! आणि तालुक्यांची ओळ, पेडणे सत्तरी काणकोण, स्पेसने तोडली तर मधे मधे रिकाम्या स्ट्रिंग (मजकुराचे तुकडे) येतात, त्या कशाला?

डिचोलीकर: कुठेतरी दोन स्पेस लागोपाठ असणार. स्प्लिटचा कंस रिकामाच ठेव, मग स्पेस, टॅब कितीही असू दे, सगळं एकच धरतो.