नववीची संगणक चाचणी: कागदावर की यंत्रावर?

खडूफळा:
आमच्याकडे नववीत ४२ मुलं आणि चालू संगणक ९. मागच्या आठवड्यात लेखी चाचणी घेतली. १ केबी म्हणजे १०२४ बाइट, संगणकाचा जनक चार्ल्स बॅबेज, सगळं बिनचूक. मग एकेकाला यंत्रावर बसवलं. एकाने मॉनिटरवर बोट सरकवून पाहिलं (मोबाइलची सवय!). एकीने छान परिच्छेद टाइप केला, सेव्ह केला आणि मग रडवेली होऊन म्हणाली, "बाई, फाइल हरवली." नक्की तपासायचं तरी काय?

गणितमास्तर:
व्याख्या सोडा. स्वतःच्या नावाचं फोल्डर, त्यात मराठीत पाच ओळी, बंद करून पुन्हा शोधून उघडणं. दहा मिनिटं पुरतात. नऊ-नऊच्या पाच तुकड्या करा, बाकीच्यांना तोवर लेखी द्या.

कळफलक:
मराठी युनिकोडमध्येच (कुठल्याही यंत्रावर अक्षरं तशीच दिसतात ती पद्धत) टाइप करून घ्या. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. इन्स्क्रिप्ट या मराठी कळांच्या मांडणीत के दाबलं की क येतो, एवढ्यावरही मुलं खूश होतात.

गणितमास्तर:
एक खोडकर प्रश्नही घाला: पेनड्राइव्हवरची फाइल डिलीट केली, ती रिसायकल बिनमध्ये सापडेल का? विंडोजवर सहसा नाही. आमच्या शिक्षकखोलीत निम्मे चुकले, मीसुद्धा.

खडूफळा:
मीही "हो"च म्हणाले असते! सोमवारी पाच तुकड्या करते. वीज राहिली तर.