स्टेशनपर्यंतच्या चालत-सायकल वाटेसाठी अर्ज कुणाकडे?

मदत हवी आहे. टिळकवाडीतून बेळगाव स्टेशनला रोज सायकलने किंवा चालत जाणारे आम्ही सात-आठ जण आहोत. फेब्रुवारी 2023 मध्ये स्टेशनच्या नव्या इमारतीचं लोकार्पण झालं, इमारत देखणी आहे. अडचण आहे ती शेवटच्या अर्ध्या किलोमीटरची. रिक्षा, उभ्या गाड्या, त्यात पावसाळा.

फूटपाथची रुंदी टेपने मोजून फोटो काढलेत. आयआरसी 103 (इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सोयींबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं) प्रमाणे किमान 1.8 मीटर मोकळी जागा हवी, तेवढंच मागतोय. पादचारी पूल नको. सायकल खांद्यावर घेऊन जिने कोण चढणार?

एका कार्यालयात निवेदन दिलं, 'ही आमची हद्द नाही' असं तोंडी उत्तर मिळालं. दुसरीकडेही तेच. इथे महापालिका, कॅन्टोन्मेंट आणि रेल्वे असा तिहेरी गुंता आहे. (अर्ज कन्नडमध्ये लिहून देणारा मित्र आहे, ती काळजी नाही.)

माहिती अधिकाराचा अर्ज चुकीच्या ठिकाणी गेला तर कलम 6(3) खाली तो पाच दिवसांत योग्य खात्याकडे वर्ग करावा लागतो. म्हणून आधी त्यातूनच हद्दीचा नकाशा मागवावा म्हणतो. कुणी असा नकाशा मिळवलाय का? अर्जात नेमके कोणते शब्द वापरले होते?