दारावरच्या पाटीसाठी शब्द हवा, 'समुपदेशक' सोडून

कृष्णाकाठ, सांगली
आमच्या कॉलेजात माझ्या पदाचं नाव 'स्टुडंट सक्सेस ऑफिसर'. काम म्हणाल तर पहिल्या वर्षाला आलेलं पोर तिसऱ्या वर्षापर्यंत टिकवायचं. त्यात हजेरी, राहिलेले विषय, शिष्यवृत्तीचे अर्ज, घरची भांडणं, 'पुढं काय करू', सगळं आलं. आता दारावर मराठी पाटी हवी आहे. वरिष्ठ म्हणाले, 'समुपदेशक लिहा की, त्यात काय एवढं.' लिहिलं. कागदावर छापून आठवडाभर चिकटवलंही. तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार मुलाला घेऊन आले. त्यांनी पाटी वाचली, मुलाला बाहेरच्या बाकावर बसवलं, एकटेच आत आले, दार लोटलं आणि हळूच विचारलं, 'काय निघालंय का त्याचं?' काही निघालं नव्हतं. आधार बँकखात्याला जोडलेलं नव्हतं म्हणून शिष्यवृत्ती अडकली होती, एवढंच. कागद त्याच संध्याकाळी काढला.
शब्द सुचवा. 'विद्यार्थी यश अधिकारी' तेवढं नको, ते यश नावाच्या कुणा मुलाचे साहेब वाटतात.

मोडीवाचक
आधी शब्दाची बाजू घेतो, कारण तो बिचारा निर्दोष आहे. सम् अधिक उपदेश, म्हणून समुपदेश. 'मु' ऱ्हस्व. फलकांवर 'समूपदेशन' दिसतं ते चूक, आणि त्यावरून 'समूहाला केलेला उपदेश' अशी फोड करणारेही मला भेटलेत. धातू 'दिश्', म्हणजे दाखवणे. दिशा, निर्देश, आदेश, संदेश ही सगळी भावंडं. 'उप' म्हणजे जवळ. जवळ बसून दाखवायचं, याहून चांगलं काय हवं?
बिघडलं ते वापरात. क्रियापदं बघा. गुरूकडून उपदेश 'घेतात', तिथं शब्दाला मान आहे. घरात उपदेश 'पाजतात', त्याचे 'डोस देतात'. अठरा वर्षांच्या मुलाच्या कानाला दुसराच ओळखीचा. शिवाय या कामात आधी ऐकायचं असतं आणि सल्ला, द्यायचाच झाला तर, शेवटी. शब्दात ऐकणं कुठंच नाही.

विटा आगार
जिल्हा परिषद शिक्षक आहे, म्हणून माझ्या डोक्यात समुपदेशन म्हटलं की वेगळंच चित्र येतं. मोठा हॉल, रिक्त जागांची यादी, आणि नाव पुकारलं की पाच मिनिटांत गाव निवडा. 'यंदा समुपदेशनानं पदस्थापना' म्हणतात ती. पोरांना प्रवेशाची समुपदेशन फेरी माहीत. सिव्हिलमध्ये एचआयव्ही तपासणीच्या खोलीत समुपदेशक बसतात, कौटुंबिक न्यायालयातही विवाह समुपदेशक असतात. तासगावच्या त्या काकांनी दार का लोटलं ते आता कळलं असेल तुम्हाला.
आमच्याकडं या कामासाठी शब्दांची रेलचेल आहे बरं का. गट साधन केंद्रात 'साधनव्यक्ती' असतात (माणसाला साधन म्हणायची कल्पना कुणाची, देव जाणे). दिव्यांग मुलांसाठी 'विशेष शिक्षक'. आणि शाळा सुटलेल्या मुलांना परत आणणारा तो 'बालरक्षक'. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडची कुटुंबं इकडं कारखान्याच्या तळावर उतरली की बालरक्षक खोपी-खोपीतनं फिरतो, वयाची पोरं हुडकतो, जवळच्या शाळेत बसवतो. सरकारी शब्दांत मला हा एकच कमावलेला वाटतो. पण कॉलेजच्या दारावर बालरक्षक लिहून चालायचं नाही.

हळदपेठ
'सारथी' लिहा. छोटा, सुंदर, कृष्णाचा आधार आहे.

विटा आगार
@हळदपेठ, सारथी लिहिलं की दुसऱ्या दिवशी फेलोशिपचा फॉर्म विचारायला रांग लागेल. पुण्याच्या 'सारथी' नावाच्या सरकारी संस्थेनं तो शब्द कायमचा नेला.

अजिंक्यतारा
साताऱ्याहून लिहितोय, त्यामुळं अण्णांवर, म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटलांवर, येणार हे तुम्ही ओळखलंच असेल. कर्मवीरांनी 1919 मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं आणि 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही. आज त्या कामाची विभागणी केली तर वसतिगृह अधीक्षक, आर्थिक साहाय्य अधिकारी, मेंटॉर अशी निदान तीन पदं निघतील. पोरांच्या तोंडी मात्र एकच शब्द होता, 'अण्णा'. पदनाम नव्हतंच, नातं होतं. अजूनही शाळेत 'शिपाईमामा' नि 'मावशी' चालतात. सरकारी वसतिगृहात 'गृहपाल' पाटीवर असतो, पण हाक 'सर' नाहीतर 'मॅडम'.
अगदी पद हवंच असेल तर एक जुनी गंमत सांगतो. 1952-53 च्या मुदलियार आयोगानं माध्यमिक शाळांत 'गाईडन्स ऑफिसर' आणि 'करिअर मास्टर' नेमावेत अशी शिफारस केली होती. मास्टरचा मास्तर व्हायला आपल्याकडं कितीसा वेळ लागतो? 'करिअर मास्तर'. मला तर आवडला.
तरी नाम शोधण्याआधी क्रियापद बघा, असं माझं म्हणणं. सक्सेससाठी 'यश' हा शब्द आपण निकालाच्या दिवशी आणि फ्लेक्सवर वापरतो. एरवी आईबाप म्हणतात, 'पोरगं मार्गी लागलं.' तुमचं काम म्हणजे मार्गी लावणं.

कृष्णाकाठ, सांगली
@अजिंक्यतारा, 'मार्गी लावणे' मलाही पहिल्यांदा सुचलं होतं. पण सर, मुलगी मार्गी लावली म्हणजे तिचं लग्न करून दिलं. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाच्या मुली माझ्याकडं येतात त्या बहुतेक हेच टाळायला. त्यांच्या वडिलांनी ही पाटी वाचली तर मलाच स्थळं सांगतील.

मोडीवाचक
शिवाय मार्गी 'लावतात' ती फाईल, आणि मार्गी 'लागतं' ते माणूस. लावणारा अधिकारी झाला की विद्यार्थ्याची फाईल झालीच.
'मेंटॉर'बद्दलही दोन ओळी. नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, कागदांमुळं हा शब्द कॉलेजात घरोघरी पोचला. मूळ तो कुठल्याच पदाचा नाही, विशेषनाम आहे. ग्रीक महाकाव्यातला राजा युद्धावर जाताना घर ज्या मित्राच्या हवाली करतो त्याचं नाव मेंटॉर. त्याला मराठीत 'शिक्षक-पालक' असा शब्द काही कॉलेजांनी केला आणि घोळ झाला. शिक्षक-पालक म्हणजे पालकाची जबाबदारी घेतलेला शिक्षक, आणि पालक-शिक्षक संघ म्हणजे पालक अधिक शिक्षक. जागा बदलली की समास बदलतो, कर्मधारयाचा द्वंद्व होतो. नोटीस लिहिणाऱ्याला याचं सोयरसुतक नसतं, मग सभेला नको ती माणसं येऊन बसतात.

माणदेशी
आटपाडीचा आहे, ताई का सर माहीत नाही म्हणून नुसतं नमस्कार. मी घरातला पहिला कॉलेजात गेलेला. सांगलीला पहिल्या वर्षी दोन महिने कुणाशी बोललो नाही. सकाळचा पहिला तास कायम हुकायचा, कारण एस.टी.च पोचायची नाही. हजेरी कमी भरली, यादीत नाव लागलं. सगळ्यांनी उपदेश केला, लवकर उठ. मी चारला उठत होतो. शेवटी ऑफिसातल्या एका क्लार्क बाईंनी विचारलं, 'गाडी किती वाजता लागते रे स्टँडला?' मी वेळ सांगितली. त्यांनी वेळापत्रकाचा कागद ओढला, पेन्सिलीनं माझी प्रॅक्टिकलची बॅच 'अ'ची 'क' केली, मला घेऊन विभागप्रमुखांकडं गेल्या आणि सही होईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या. दोन मिनिटांचं काम. त्यावर माझी पदवी झाली.
त्यांच्या टेबलावर 'शिष्यवृत्ती विभाग' एवढंच लिहिलं होतं.
मला त्यांच्यासाठी शब्द सुचतो तो 'पाठराखीण'. नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा सोबत जाते ती. नव्या घरात चूल कुठं, पाणी कुठं, कुणाला काय म्हणायचं हे सगळं नवरीच्या बरोबरीनं बघते, रात्री जवळ झोपते, आणि नवरी रुळली की माघारी येते. ती वाट दाखवत नाही, ते वाटाड्याचं काम. ती नुसती बरोबर असते.

हळदपेठ
वा! माझा सारथी मागे घेतो.

अजिंक्यतारा
@माणदेशी, 'माघारी येते' हे महत्त्वाचं बोललात. बोर्डिंगातनं पोरगं स्वतःच्या पायावर उभं राहून बाहेर पडावं म्हणूनच अण्णांचं ब्रीद 'स्वावलंबी शिक्षण' होतं.

मोडीवाचक
शब्द अस्सल आहे, पण दोन अडचणी. एक, पुल्लिंगी रूप रुळलेलं नाही. 'पाठराखा' कानाला पैलवानाच्या मागं फिरणारा वाटतो. दोन, 'पाठराखण' वर्तमानपत्रांनी नासवलं. आता पाठराखण होते ती अडचणीतल्या पुढाऱ्याची. कॉपीत सापडलेल्याची बाजू घ्यायला नेमलेला माणूस वाटेल तुमचा.

विटा आगार
आणि कॉलेजला आलेल्या पोरीला नवरी का करता? कृष्णाकाठ, तुमच्या बीएस्सीच्या मुली पुन्हा बिथरतील.

कृष्णाकाठ, सांगली
मान्य. पाठराखीण मी मनात ठेवते (हो, मी ताई आहे). पाटीवर नको.
माणदेशींचं वाचून एक लक्षात आलं. माझ्याकडं येणारी मुलं दारात उभी राहून काय म्हणतात ते आठवून बघितलं. 'मॅडम, मार्गदर्शन हवंय' असं फक्त वक्तृत्व स्पर्धेतली मुलं म्हणतात. बाकीची म्हणतात, 'मॅडम, जरा अडलंय.' फॉर्म अडलाय, गणित अडलंय, घरी अडलंय. म्हणून पदनाम सोडूनच दिलं. काल पेंटरला सांगून आलेय: 'काही अडलंय? आत या.' खाली लहान अक्षरांत वेळ.

हळदपेठ
झकास! पण ताई, आमच्या हळदीच्या पेठेत एक म्हण आहे, अडला हरी गाढवाचे पाय धरी. पाटी बाहेर हरीसाठी, तर आत कोण बसलंय?

कृष्णाकाठ, सांगली
पेंटरनंही हेच विचारलं. रंग वाळलाय, आता बदलत नाही.