मदत हवी आहे: बाबांचं पेन्शन एकच, कागदांवर आकडे तीन (पोर्तुगाल डी७ व्हिसा)

वऱ्हाडची_लेक:
नमस्कार मंडळी. मी नोकरीनिमित्त पोर्तुगालमध्ये ब्रागाला असते, आई-बाबा अमरावतीला. दोघांना इकडे आणायचंय, तर बाबांच्या पेन्शनवर डी७ (नोकरी न करता नियमित उत्पन्न असणाऱ्यांसाठीचा इथला निवासी व्हिसा) करावा असा विचार आहे. बाबा २०१३ ला सार्वजनिक बांधकाम खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले.

अट अशी की अर्जदाराला इथल्या किमान वेतनाइतकं बसल्या जागचं उत्पन्न हवं (२०२५ मध्ये महिना ८७० युरो, दरवर्षी वाढतं), आणि सोबत बायको असेल तर वर त्याच्या निम्मं. म्हणजे २०२५ च्या हिशेबाने १३०५ युरो. युरो शंभरीपार गेल्यापासून हे १ लाख ३४-३५ हजारांवर जातं. पेन्शन ८२ हजार, गाळ्याचं भाडं ३०, एफडीचं व्याज सरासरी २५. जमतंय, पण काठावर.

खरी अडचण पुढे आहे. पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) मूळ पेन्शन २३,०००. सातव्या वेतन आयोगात २.५७ ने गुणून झालं ५९,११०. आणि पासबुकात जमा होतात ८२,४२०, कारण त्यात ५५ टक्के (२०२५ चा दर) महागाई भत्ता मिळतो आणि अंशराशीकरणाचे (निवृत्तीच्या वेळी पेन्शनचा काही भाग एकरकमी घेतला, त्याचे) ९,२०० कापले जातात. आपल्याकडे कुठल्याही पेन्शनरला हे तोंडपाठ असतं, पण व्हिसा अधिकाऱ्याने त्यातलं काय समजायचं? बँकेत पत्र मागितलं तर साहेब म्हणाले, "आमच्याकडे रक्कम येते, तिची फोड येत नाही." एक एजंट म्हणतो सीएचं नेटवर्थ सर्टिफिकेट लावा, बाकी कशाची गरज नाही. मला हे पटत नाही. नेटवर्थ म्हणजे मालमत्ता. इथे महिन्याचं उत्पन्न विचारताहेत. कुणी राज्य सरकारच्या पेन्शनवर हे केलंय का?

जुना_कोषागारवाला:
ताई, बँकेतले साहेब खरं तेच बोलले. केंद्राच्या नागरी पेन्शनरांचं पेन्शन बँकच काढते, म्हणून त्यांना बँकेकडून स्लिप मिळते. महाराष्ट्र शासनाचं कोषागारातून निघतं, बँक फक्त खात्यात जमा करून घेते. तेव्हा बँकेचा नाद सोडा आणि बाबांना जिल्हा कोषागारात पाठवा.

आधी निवृत्तिवेतनवाहिनीवरून (राज्य शासनाच्या पेन्शनच्या संकेतस्थळावरून) मागच्या वर्षभराच्या स्लिपा काढून घ्या. त्यात मूळ, भत्ता, कपात सगळं वेगवेगळं असतं. मग कोषागार अधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज करून इंग्रजीत दाखला मागा. मसुदा तुम्हीच टाइप करून न्या, नाहीतर "नमुना नाही" म्हणून परत पाठवतील. दाखल्यात पीपीओ क्रमांक, सुधारित मूळ पेन्शन, भत्ता, कपात आणि हातात पडणारी रक्कम एकाखाली एक हवी. पेन्शन तहहयात आहे हे स्पष्ट लिहून घ्या. आणखी एक ओळ हक्काने मागा: अंशराशीकरणाची कपात १५ वर्षांनी थांबते, म्हणजे २०२८ पासून ९,२०० वाढणार. काठावरच्या अर्जाला ती ओळ उपयोगी पडेल. सही, गोल शिक्का, जावक क्रमांक बघूनच कागद हातात घ्या.

लिस्बनकर:
काकांशी सहमत. माझ्या सासऱ्यांच्या वेळी दाखला, स्लिपा आणि बँक स्टेटमेंट एकाच क्रमाने लावले आणि स्टेटमेंटवर पेन्शनच्या नोंदी पिवळ्या केल्या. वर एक पानभर टिपण, पीपीओचा आकडा पासबुकात कसा पोचतो याचं. आयकर विवरणपत्रंही जोडा. एकूण वार्षिक रक्कम तिथे जुळली की शंका उरत नाही. सीएचं सर्टिफिकेट लावायचं तर शेवटी लावा, जोडपत्र म्हणून.

शिवाय इथल्या खात्यात वर्षभराची रक्कम ठेवलेली बरी, २०२५ च्या दराने दोघांची मिळून १५,६६० युरो. हे सोळा लाखांच्या वर जातं. एकाच पॅनवर पाठवलंत तर १० लाखांच्या पुढच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच घेते तो कर) कापतील. परतावा मिळतो, पण पैसे तोवर अडकतात. आई आणि बाबा दोघांनी आपापल्या खात्यातून निम्मे निम्मे पाठवावेत. पोलीस दाखला आणि विवाह नोंदणीचा दाखला, दोन्हींवर अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का) लागेल.

वऱ्हाडची_लेक:
काका, दादा, खूप आभार! बाबा सोमवारी कोषागारात जाताहेत, मसुदा मी आज रात्रीच लिहिते. भाड्याचं एक विचारायचं राहिलं. गाळ्याचा करार ११ महिन्यांचा आहे, दरवर्षी नवा होतो. आणि भाडेकरू अर्धे पैसे रोख देतो.

लिस्बनकर:
रोखीचं भाडं या कामापुरतं धरूच नका. पुढच्या महिन्यापासून सगळं एनईएफटीने घ्या आणि निदान सहा महिन्यांच्या नोंदी दिसू द्या. करार तीन वर्षांचा करून नोंदवून टाका. ११ महिन्यांचा कागद दाखवून पुढे उत्पन्न चालू राहील हे कुणाला पटवणार? आणि अर्जाची घाई असेल तर भाडं बाजूला ठेवून एफडी वाढवता येते का बघा. व्याज मात्र मासिक घ्या. तिमाही जमा होणारं व्याज महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये मधूनच उगवतं आणि मग त्याचंही टिपण लिहीत बसावं लागतं.